नऊ महिने रिकामी जागा

१२ फेब्रुवारी २०२४ रोजी भोकरचे आमदार अशोक चव्हाण यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला. दुसऱ्याच दिवशी ते भारतीय जनता पक्षात गेले व लवकरच राज्यसभेवर बिनविरोध निवडून आले. अर्धापूर तालुका ज्या मतदारसंघात मोडतो, ती भोकरची जागा मात्र नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत रिकामीच राहिली.

यात कायद्याचा भंग झाला, असे नव्हे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-अ अन्वये रिकामी जागा सहा महिन्यांत भरावयाची असते. परंतु उर्वरित मुदत वर्षाहून कमी असल्यास हे बंधन उरत नाही. अकोला पश्चिमची जाहीर झालेली पोटनिवडणूक नागपूर खंडपीठाने मार्च २०२४ मध्ये याच आधारे रद्द केली. तेथील आमदार मात्र दिवंगत झाले होते. मृत्यूने रिती झालेली आणि स्वेच्छेने सोडलेली जागा यांना एकच माप का लावावे? पक्ष बदलणाऱ्यास मतदारांपुढे तत्काळ उभे करणारे साधन पोटनिवडणुकीखेरीज दुसरे कोणते? ऑस्ट्रेलियातील टास्मानिया राज्यात पोटनिवडणूक टाळतात खरी, पण तेथे मागील मतपत्रिकाच पुन्हा मोजून विधानसभेतील जागा भरतात. ती रिकामी ठेवीत नाहीत.

जून २०२४ मध्ये राज्याचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला, तेव्हा अर्धापूरच्या केळी उत्पादकांचे गाऱ्हाणे मांडावयास सभागृहात त्यांचा आमदार नव्हता.