हजेरीपटाचा न्याय

शाळेंत मुलें नाहींत, म्हणून शाळा बंद करावी, हा न्याय वरवर पाहतां इतका सरळ दिसतो कीं, त्याविरुद्ध बोलणारा मनुष्य हट्टी ठरावा. परंतु आटलेली विहीर शहाणा शेतकरी लगेच बुजवीत नाहीं. गाळ कोठें साचला, हें तो आधीं पाहतो.

दहांहून कमी पटाच्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांत विलीन करण्याचा निर्णय सरकारनें २०१७ सालीं जाहीर केला. २०२३ सालीं वीस व त्याहून कमी पटाच्या शाळांच्या 'समूहशाळा' करण्याचे प्रस्ताव मागविले. मोठ्या शाळेंत ग्रंथालय, क्रीडांगण व सोबती मिळतात, हें आम्हांस मान्य आहे. पण सहा वर्षांच्या मुलीस रोज तेथवर नेणार कोण? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शेजारच्या शाळेचें वचन दिलें आणि महाराष्ट्राच्या नियमांनीं प्राथमिक शाळेसाठीं एक किलोमीटरची मर्यादा घातली, ती ह्याच मुलीसाठीं.

धाराशिव जिल्ह्याचें उदाहरण घ्या. संचमान्यतेसाठीं पट ३० सप्टेंबरचा धरतात. पुढें दसरा-दिवाळी होते न होते तोंच कळंब, वाशी, भूम या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मुलें आईबापांच्या कोयत्यामागें चालूं लागतात. पटावर नांव राहतें, वर्गांत जागा रिकामी. ज्यांस ऐपत आहे, ते आपलीं मुलें तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडींत बसवितात. आणि 'शाळा वांचवा' म्हणून ग्रामसभेंत गर्जणाऱ्या पुढाऱ्याचा नातू पुष्कळदां त्याच गाडींत असतो. मागें उरतात तीं गरिबांचीं मुलें, आणि चार इयत्ता एकट्यानें सांभाळणारा, शिवाय निवडणुकीचीं व सर्वेक्षणाचीं कामें उरकणारा शिक्षक. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत, असें तोच कायदा सांगतो. पट घटला म्हणून शिक्षक कमी केला, शिक्षक कमी केला म्हणून पट घटला. या चक्रांत अपराधी मात्र गांव ठरतो!

याच जिल्ह्यांतील हिप्परग्यास १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा निघाली. तेव्हां अंमल निजामाचा, आणि वरिष्ठ शिक्षणाची भाषा उर्दू. व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांनीं शहर न गांठतां खेड्यांतच ती उभी केली. १९२९ सालीं तेथें शिकवावयास आलेले गृहस्थ पुढें स्वामी रामानंद तीर्थ या नांवानें हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. खेडें लहान म्हणून शाळाही क्षुद्र, हें गणित त्यांनीं मानलें असतें, तर मराठवाड्याच्या इतिहासाचें एक पान कोरें राहतें. परक्या अंमलांत लोकांनीं जें स्वतःच्या बळावर उभारलें, तें स्वराज्यांत, लोकांच्याच पैशानें, राखतां येऊं नये काय?

सरकारनें आधीं दोन शिक्षक द्यावेत, त्यांस कारकुनींतून सोडवावें, आणि हंगामी वसतिगृह टोळी निघण्यापूर्वीं उघडावें. पुढाऱ्यांनीं आपले नातू गांवच्या शाळेंत बसवावेत. मग खुशाल पट मोजावा. तोंवर घटलेला पट हा शाळेच्या मृत्यूचा दाखला नव्हे. तो आपणां सर्वांवरील आरोपपत्र आहे.