स्वमग्न विद्यार्थ्याचा हक्क आणि चवदार तळ्याचा धडा

स्वमग्न मूल बारावी झाले की लोक सहज विचारतात, "आता पुढे कशाला?" हा प्रश्न आपल्याला नवा नाही. आपल्या पणजोबांनाही शाळेच्या दारात हेच ऐकावे लागले.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला मान्यता दिली. किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव आहेत. ही दया नाही, हक्क आहे. पण कागदावरचा हक्क आपोआप हाती येत नाही. 1923 मध्ये बोले ठराव झाला, तरी आपल्याच जिल्ह्यातल्या महाडला पाण्यासाठी 1927 मध्ये सत्याग्रह करावा लागला.

महाराष्ट्रातल्या ओमकार गोंड याला वाचा-भाषा दिव्यांगत्वाच्या टक्केवारीवरून एमबीबीएसला अपात्र ठरवले. तो न्यायालयात गेला. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने बजावले: नुसती टक्केवारी पाहू नका, विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का ते तपासा.

1919 मध्ये साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी अस्पृश्यच प्रतिनिधी मागितले. तोच न्याय इथे लावू या. गोंगाट सोसत नाही, पेपरला जादा वेळ हवा, तोंडी परीक्षा जमत नाही, हे विद्यार्थ्यालाच सांगू द्या. बोलून, लिहून किंवा टाइप करून.

अष्टमीतल्या मुलाला कुंडलिका ओलांडून रोह्यातल्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा असेल, तर आपण प्रमाणपत्रासाठी धावू, खिडकीवर सोबत उभे राहू. त्याच्या वतीने बोलणार मात्र नाही.

जय भीम!