सासूबाईंचा रेडिओग्रॅम

मैत्रिणींनो, दिवाळीची धामधूम संपून थंडी पडू लागली, की जुन्या लाकडाला हात घालायचे खरे दिवस येतात. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं आणि दमट हवेत पॉलिशवर पांढुरकी झाक येते. उन्हाळ्यात आपल्या मराठवाड्याची हवा इतकी कोरडी, की दारांच्या फटीसुद्धा रुंदावतात. मार्गशीर्ष ते माघ हे तीन महिने मात्र सोन्यासारखे. म्हणून या वेळी विषय घेतलाय रेडिओग्रॅमच्या कॅबिनेटचा.

नव्या सुनांना हा प्रकार ठाऊक नसेल. तिरक्या पायांवर उभी असलेली लांबट, बुटकी लाकडी पेटी. तिच्यात एका बाजूला रेडिओ, दुसऱ्या बाजूला झाकणाखाली तबकडी वाजवायचं यंत्र, खाली तबकड्या उभ्या ठेवायचे कप्पे आणि समोर सोनेरी धाग्याच्या कापडामागे स्पीकर. एच.एम.व्ही., मर्फी, फिलिप्स, बुश ही नावं तेव्हा घराघरांत माहितीची होती. आपल्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, रेडिओचं वेड फार जुनं. निझामाच्या राजवटीतच इथं रेडिओ केंद्र होतं आणि १९५० साली ते आकाशवाणीकडे आलं. पुढं रेडिओ सिलोनवरची १९५२ साली सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ ऐकायला बुधवारी रात्री शेजारपाजार गोळा व्हायचा. ज्या घरी रेडिओग्रॅम, त्या घराचा रुबाबच वेगळा!

औरंगपुऱ्यातल्या एका भगिनीचं पत्र आलंय. सासऱ्यांनी साठच्या दशकात घेतलेला रेडिओग्रॅम त्यांच्या माडीवर पडून आहे. मुलीला त्यात नवीन स्टिरिओ बसवायचाय. मुलगा म्हणतो, भंगारात द्या. सुतारानं सुचवलंय, “वरचं सगळं घासून काढतो, सनमायका लावतो, नवा कोरा दिसेल.” आणि सासूबाई? त्या एवढंच म्हणाल्या, “मी तो चाळीस वर्षं पुसला. लावला कधीच नाही. बटणाला हात लावायचा नाही, असा तुझ्या सासऱ्यांचा दंडक होता.”

हे वाक्य वाचून मी थांबले. किती घरांतली गोष्ट आहे ही! पुसायचं काम बाईचं आणि वाजवायचा मान पुरुषाचा. तेव्हा या भगिनीला माझं पहिलं सांगणं असं, की सुताराला बोलवण्याआधी सासूबाईंना विचारा, “तुम्हाला यावर काय ऐकायचंय?” आणि दुसरं, सनमायकाला ठाम नकार द्या. का, ते आता सांगते.

आधी लाकूड ओळखा

हे कॅबिनेट दिसतं सागवानी किंवा शिसवी, पण बहुतेक वेळा ते अखंड त्या लाकडाचं नसतं. आत प्लायवुड आणि वर सागाचा किंवा शिसवाचा पातळ पापुद्रा, त्याला व्हीनिअर म्हणतात. हा पापुद्रा बहुधा एक मिलिमीटरहूनही पातळ. दोन-तीन पोस्टकार्डं एकावर एक ठेवा, तेवढाच. त्यावर यंत्राचा काचपेपर फिरला, की दोन मिनिटांत खालचं फिक्कं प्लायवुड उघडं पडतं. गेलेला पापुद्रा कुठल्याही पॉलिशनं परत येत नाही. मुळात जुन्या वस्तूच्या दुरुस्तीत कुठं थांबायचं, हे कळणं महत्त्वाचं. ओरखडा राहिला तरी चालेल, लाकूड जाता कामा नये.

विजेच्या बाबतीत खबरदारी

सगळ्यांना एकच मोह होतो, “प्लग लावून पाहू तरी!” कृपा करून पाहू नका. वीस-तीस वर्षं बंद असलेल्या संचातले कंडेन्सर निकामी झालेले असतात. एकदम वीज दिली, तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आगही लागू शकते. व्हॉल्व्हच्या संचात दोन-अडीचशे व्होल्टचा, कधी त्याहूनही जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये साठून राहू शकतो. काही जुन्या ए.सी.-डी.सी. संचांत तर आतल्या लोखंडी सांगाड्यातच वीज उतरलेली असते. तेव्हा यंत्र बाहेर काढायचं काम व्हॉल्व्हच्या रेडिओची माहिती असलेल्या कारागिराकडूनच करून घ्या. यंत्र निघालं, की उरलेलं लाकूडकाम निर्धास्तपणे आपलं.

उघडताना मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा. स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत ठेवून प्रत्येक वाटीत चिठ्ठी टाका: ‘मागची फळी’, ‘झाकण’, ‘पाय’. पुन्हा जोडताना आशीर्वाद द्याल.

पुसण्यापूर्वी वाचा

रेडिओच्या काचेवर स्टेशनांची नावं असतात. ती बहुधा काचेच्या आतल्या बाजूला रंगानं छापलेली असतात आणि जुना झालेला तो रंग ओल्या फडक्यानंसुद्धा सुटतो. ही बाजू फक्त मऊ, कोरड्या कुंचल्यानं झटका. पाणी, साबण, स्पिरिट काहीही नको. लख्ख करण्याच्या नादात दिल्ली आणि सिलोन कायमची पुसून जायची! बाहेरची बाजू मात्र किंचित ओलसर फडक्यानं पुसायला हरकत नाही. बटणं काढता आली, तर कोमट साबणपाण्यानं जुन्या दातब्रशनं धुवा, पण भिजत ठेवू नका. पितळी पट्ट्या चिंचेच्या कोळानं उजळतात. मात्र त्या लाकडापासून सोडवून घेतल्यावरच.

लाकडावरची वर्षानुवर्षांची धूळ आणि हाताचा तेलकटपणा काढायला कोमट पाण्यात अगदी थोडा सौम्य साबण घाला. फडकं घट्ट पिळा, थोडा थोडा भाग पुसा आणि लगेच कोरडा करा. पुष्कळदा एवढ्यानंच अर्धं काम होतं. काळवंडलेलं लाकूड नसतंच, मळ असतो.

भुंगा लागलाय का?

बारीक भोकं दिसली, तर घाबरू नका. कॅबिनेटखाली काळा कागद पसरून पंधरा दिवस ठेवा. कागदावर पिठासारखी ताजी पूड पडली, तर कीड जिवंत आहे. मग लाकडाचं कीडनाशक जाणत्या माणसाकडून भोकांत भरून घ्या. हे काम हवेशीर जागी, लहान मुलांपासून दूर. पूड पडली नाही, तर कीड बहुधा जुनी, निघून गेलेली. मग लाकडाच्या रंगाचं मेण भरलं की पुरे. पायांजवळ मातीच्या नळ्या दिसल्या, तर ती वाळवी. तेव्हा आधी घराचा बंदोबस्त, मग कॅबिनेटचा.

सुटलेला पापुद्रा

कडेला व्हीनिअर सुटून वर आलं असेल, तर ओढून तोडू नका. जुनं काम पुष्कळदा सरसानं चिकटवलेलं असतं. फेव्हिकॉल आला १९५९ साली आणि सगळीकडे पोहोचायला त्याला वेळ लागला. सरस ऊब आणि ओल मिळाली की मऊ होतो. सुटलेल्या जागी जाडसर, किंचित दमट सुती कापड ठेवून कोमट इस्त्री काही सेकंद दाबा, मग वर सपाट फळी आणि जड पाटा किंवा वरवंटा ठेवून रात्रभर राहू द्या. पॉलिशवर पांढरट डाग आला, तरी तो पुढं जातो. असं करूनही चिकटलं नाही, तर आतला जुना सरस हलकेच खरवडून पातळ फेव्हिकॉल सुरीच्या टोकानं आत सारा, मध्ये प्लॅस्टिकचा कागद घालून वजन ठेवा. तुकडा पडला असला, तर तो जपून ठेवा. तुमच्या लाकडाशी त्याच्याइतका जुळणारा दुसरा तुकडा बाजारात मिळायचा नाही.

पॉलिश कोणतं?

मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाच्या बोळ्यानं थेंबभर स्पिरिट लावून पाहा. पृष्ठभाग चिकट झाला, तर ते लाखेचं पॉलिश. स्पिरिटनं काही झालं नाही, पण थिनरनं मऊ पडलं, तर फवाऱ्यानं मारलेलं लॅकर. ही परीक्षा केल्याशिवाय पुढं जाऊ नये, कारण लॅकरच्या कामाला पॉलिशवालाच हवा.

लाखेचं पॉलिश मात्र घरी करता येतं. शंभर ग्रॅम चपडा लाख अर्धा लिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये काचेच्या बरणीत घालून रात्रभर ठेवा, अधूनमधून हलवा आणि मलमलीतून गाळून घ्या. जुन्या, धुतलेल्या मलमलीत कापसाचा गोळा बांधून बोळा करा. तो नुसता ओलसर हवा, ठिबकता नको. लाकडाच्या रेषांच्या दिशेनं एक हात फिरवा, वाळू द्या, मग दुसरा. एकाच जागी पुन्हापुन्हा घासलं, तर खालचा थर उखडतो. जुन्या पॉलिशवरच चार-पाच पातळ हात दिले, की चहाच्या कपाची पांढरी वर्तुळंसुद्धा पुष्कळशी विरघळून जातात. स्पिरिट पेट घेतं, म्हणून देवघरातला दिवा, गॅस, उदबत्ती यांपासून दूर, खिडक्या उघड्या ठेवून हे काम करावं. कुणी जवसाचं उकळलेलं तेल लावायला सांगितलं, तर त्याचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेटू शकतात. पाण्यात भिजवून, मग उघड्यावर पसरून वाळवावेत.

इथं एक गंमत सांगते. पूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांतही हीच लाख असे, पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी. म्हणजे पेटीवरची चकाकी आणि पेटीतलं गाणं, दोन्ही एकाच किड्याची देणगी! पण त्यामुळेच त्या तबकड्या स्पिरिटनं कधीही पुसू नका, गाण्यासकट विरघळतील. आणि ७८ ची सुई एल.पी.वर लावू नका. ती जाड असते, एल.पी.च्या खाचा खराब करते.

नवा स्टिरिओ जुन्या घरात

स्पीकरचं कापड फाटलं असेल, तर आपल्याकडच्या हिमरूचा मोह होईल. पण हिमरूची वीण घट्ट. कापड तोंडासमोर धरून फुंकर मारा, पलीकडच्या तळहाताला वारा लागला तरच ते स्पीकरवर शोभेल आणि वाजेल. हिमरू वरच्या आच्छादनाला ठेवा.

जुनं यंत्र दुरुस्त होत असेल, तर तेच ठेवावं, असं माझं मत. मात्र बऱ्याच जुन्या संचांत एफ.एम. नसतं, हे ध्यानात असू द्या. होतच नसेल, तर नवा अँप्लिफायर बसवताना कॅबिनेट कापू नका. आत एक वेगळी फळी बसवून तिच्यावर यंत्र ठेवा. जुनी भोकं, जुनी बटणं तशीच राहू देत. वर आणि मागं तीन-चार बोटं मोकळी जागा हवी आणि मागची फळी जाळीची हवी, नाहीतर यंत्र तापेल. स्पीकर शक्यतो बाहेर, एकमेकांपासून पाच-सहा फुटांवर ठेवा. तबकडीशेजारीच दणदणीत स्पीकर आला, की त्याचा हादरा सुईला पोचतो आणि घूं घूं आवाज सुरू होतो. काढलेलं जुनं यंत्र टाकू नका. नीट गुंडाळून ठेवा. उद्या एखादा जाणता कारागीर भेटेलही.

आणि चालू-बंदची सोय अशी करा, की सासूबाईंना वाकावं लागणार नाही. मोठ्या अक्षरांत ‘चालू’, ‘आवाज’ अशा चिठ्ठ्या लावा. सुई ठेवताना हात थरथरत असेल, तर हात अलगद खाली सोडायची कळ असलेलं तबकडी-यंत्र घ्या. त्या कळीचे चार पैसे जास्त पडले, तरी द्या. घरच्या मंडळींना म्हणावं, चमक महिनाभर उशिरा आली तरी चालेल, ही सोय आधी.

आता वर्षभराची निगा. रोज कोरडं मऊ फडकं, वर्षातून एकदा मधमाशीच्या मेणाचा अगदी पातळ हात. खिडकीतल्या उन्हाच्या तिरिपेत ठेवू नका, भिंतीला टेकवू नका आणि फुलदाणीखाली चकती हवीच. शेवटी एका कागदावर लिहून ठेवा: कोणत्या साली काय केलं, कोणतं पॉलिश लावलं, यंत्र कुणी दुरुस्त केलं, आणि पहिली तबकडी कुणी लावली. तो कागद मागच्या फळीच्या आत चिकटवा. पुढच्या पिढीतल्या सुनेला सुताराशी बोलताना तो उपयोगी पडेल.