विश्लेषण : ब्रेथ अ‍ॅनालायझरच्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा?

नाकाबंदीत पोलीस नळी पुढे करतात, चालक फुंकर मारतो आणि काही सेकंदांत आकडा उमटतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10 हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हा आकडा ठरतो प्लॅटिनमच्या एका छोट्याशा पृष्ठभागावर.

अधिशोषण म्हणजे काय?

स्पंज पाणी आत ओढतो, ते शोषण. रेणू आत न शिरता फक्त पृष्ठभागाला चिकटतात, ते अधिशोषण. धातूच्या आतल्या अणूला सगळीकडून शेजारी असतात. पृष्ठभागावरच्या अणूची वरची बाजू मात्र मोकळी असते. म्हणून तो जवळ आलेल्या रेणूला धरून ठेवतो. प्लॅटिनम यात विशेष तरबेज आहे.

यंत्र अल्कोहोल कसे मोजते?

चांगल्या यंत्रांत ‘फ्युएल सेल’ संवेदक असतो. त्यात आम्लाने भिजलेल्या सच्छिद्र चकतीच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड असतात. श्वासाचा ठरावीक भाग आत घेतला की इथेनॉलचे रेणू प्लॅटिनमवर अधिशोषित होतात आणि त्यांचे ऑक्सिडीकरण होऊन मुख्यतः अ‍ॅसिटिक आम्ल तयार होते. यात सुटलेले इलेक्ट्रॉन म्हणजेच वीजप्रवाह. इथेनॉल जितके जास्त, तितका विद्युतभार जास्त. रक्त आणि श्वासातील अल्कोहोलचे प्रमाण साधारण 2100 ला 1 धरून यंत्र रक्तातील आकडा काढते. म्हणजे कायद्याची मर्यादा ही प्रत्यक्षात एक लिटर श्वासात जेमतेम 0.14 मिलिग्रॅम अल्कोहोल एवढी सूक्ष्म आहे.

मग चूक कुठे होते?

जागा मर्यादित असते, हीच मेख. इथेनॉलचे काही रेणू तुटून कार्बन मोनॉक्साइडसारखे तुकडे उरतात आणि ते प्लॅटिनमला घट्ट चिकटून बसतात. सिगारेटच्या धुरातले घटकही पृष्ठभाग खराब करतात. कालांतराने चकती सुकते. अशा थकलेल्या संवेदकातून सहसा कमी प्रवाह मिळतो, म्हणजे प्यायलेला चालक सुटण्याची शक्यता वाढते. उलट अल्कोहोलयुक्त माउथवॉशने नुकतीच चूळ भरली असेल, तर तोंडातल्या अल्कोहोलमुळे न प्यायलेल्याचाही आकडा फुगू शकतो. त्यासाठी 15 मिनिटे थांबून पुन्हा चाचणी घेणे हा सोपा उपाय आहे.

काय व्हायला हवे?

‘यंत्रावर विश्वासच नको’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. दारू पिऊन गाडी चालवणारा इतरांच्या जिवाशी खेळतो आणि रस्त्यावर झटपट तपासणीसाठी याहून सोयीचे साधन नाही. पण यंत्र थकते हे रसायनशास्त्राने सांगितल्यावर ‘आकडा आला, विषय संपला’ असेही म्हणता येणार नाही. ज्ञात प्रमाणाच्या वायूने संवेदकाचे नियमित कॅलिब्रेशन करणे, हाच त्यावरचा इलाज आहे.

वाण्याच्या तराजूवर शिक्का पाहायची आपल्याला सवय आहे. मग ज्या तराजूत माणसाचे स्वातंत्र्य तोलले जाते, त्याचा शिक्का का पाहू नये? चाचणीच्या प्रत्येक पावतीवर यंत्राचा क्रमांक, शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख आणि फुंकर मारण्यापूर्वीचे शून्य वाचन छापलेले असावे. आकडा मर्यादेच्या आसपास असेल, तर दुसरी चाचणी सक्तीची करावी. अटक झाल्यास कायद्यात दोन तासांत वैद्यकीय तपासणीची तरतूद आहे. ती काटेकोर पाळावी.

याने निर्दोषाला संरक्षण मिळेलच, पण पोलिसांचा खटलाही भक्कम होईल. मोजमाप पक्के असेल, तर पळवाट शोधणाऱ्या वकिलाला जागा उरत नाही.