शंभर नमुने, चाळीस चाचण्या

समजा, शंभर जणांच्या घशातले नमुने प्रयोगशाळेत आले आहेत आणि त्यांतले फार तर तीन बाधित असावेत असा अंदाज आहे. शंभर चाचण्या न करता बाधित कोण, हे एकाच फेरीत कळेल का? कळेल. नमुने दहा रांगा आणि दहा स्तंभांत मांडायचे. प्रत्येकाला एक अक्षर आणि एक रंग द्यायचा, तो असा की प्रत्येक रांगेत आणि स्तंभात दहाही अक्षरे व दहाही रंग एकेकदाच येतील आणि अक्षर-रंगाची एकही जोडी पुन्हा येणार नाही. मग प्रत्येक रांग, स्तंभ, अक्षर आणि रंग यांचे एकेक मिश्रण करून तपासायचे. चाचण्या झाल्या चाळीस. यात कोणतेही दोन नमुने एकाहून जास्त मिश्रणांत एकत्र येत नाहीत. म्हणून तीन बाधित मिळून निरोगी माणसाच्या चार मिश्रणांपैकी फार तर तीन बिघडवतील. चौथे स्वच्छ निघाले की तो सुटला.

गंमत अशी की, दहाची ही मांडणी अशक्य आहे असे ऑयलरसारख्या गणितज्ञाला वाटत होते. १७८२ मधला त्याचा हा तर्क पावणेदोनशे वर्षे टिकला. १९५९ मध्ये राजचंद्र बोस, शरदचंद्र श्रीखंडे आणि ई. टी. पार्कर यांनी तो खोडून काढला. दोन आणि सहा हे आकार वगळता अशी मांडणी नेहमी जमते, असे त्यांनी सिद्ध केले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती बातमी पहिल्या पानावर घेतली. गणिताच्या नशिबी हे क्वचितच.

नागपुरात शिकलेले श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे संस्थापक प्रमुख झाले. त्यांची खरी कमाई मला तिथे दिसते. त्यांच्या विद्यार्थिनी वासंती भट-नायक यांनी १९७० मध्ये पीएच.डी. मिळवली, त्याच विभागात अध्यापन केले आणि त्या विभागप्रमुखही झाल्या. एका विषयाची परंपरा अशी उभी राहते.

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न कॉम्बिनेटोरिक्सला फार विचारला जातो. कोणते खत कोणत्या वाफ्यात घालून पाहायचे, या शेतीच्या प्रयोगांतूनच या मांडण्यांचे शास्त्र वाढले, हे विचारणाऱ्याला ठाऊक नसते. १३ एप्रिल २०२० रोजी आयसीएमआरने करोना चाचणीसाठी पाचपर्यंत नमुने एकत्र करण्याची मुभा दिली. (जास्त मिसळले तर विषाणू विरळ होऊन निसटतो, वरच्या उदाहरणातले दहा प्रयोगशाळेला पटतीलच असे नाही.) आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी ‘टॅपेस्ट्री’ पद्धतीत किर्कमनच्या एकोणिसाव्या शतकातल्या, पंधरा मुलींना रोज तिघी-तिघींत चालवण्याच्या कोड्यातून आलेल्या मांडण्या वापरल्या. श्रीखंडे गेले ते त्याच एप्रिलच्या २१ तारखेला, वयाच्या १०२ व्या वर्षी.

आमच्या अकरावीत मात्र क्रमचय आणि संचय म्हणजे दोन सूत्रे. प्रश्नात ‘निवड’ दिसली की एक, ‘मांडणी’ दिसली की दुसरे. प्रवेश परीक्षेला तेवढे पुरते, म्हणून वर्गातही तेवढेच. मोजायचे कसे, हे शिकवायचे राहून जाते.

भट-नायक यांच्या संशोधनात ‘ग्रेसफुल ग्राफ’ होते. काही ठिपके रेषांनी जोडा. ठिपक्यांना शून्यापासून रेषांच्या संख्येपर्यंतचे वेगवेगळे अंक द्या आणि प्रत्येक रेषेवर तिच्या दोन टोकांच्या अंकांमधला फरक लिहा. एकही फरक पुन्हा यायला नको. झाडासारख्या, म्हणजे कुठेही वेढा न पडणाऱ्या, प्रत्येक आकृतीत हे जमते का, याचे उत्तर आजही कुणाकडे नाही. पण पाच-सहा ठिपक्यांचे झाड अकरावीचा मुलगा वहीवर सोडवू शकतो. याला दोन तास दिले तर अभ्यासक्रम मागे पडेल, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. सूत्रांची घोकंपट्टी तेवढे दोन तास कमी करावी.