परदेशीं सेवा आणि लेंकरें

मिशनरी होऊन परदेशीं जाणाऱ्या आईबापांनीं लेंकरें बरोबर न्यावीं कीं मागें ठेवावीं, असा प्रश्न वारंवार निघतो. विल्यम केरी यांचें उदाहरण या कामीं विचार करण्याजोगें आहे. १८०५ सालीं श्रीरामपूर येथें मराठीचें व्याकरण छापणारे हे केरीसाहेब १७९३ सालीं पत्नी डॉरोथी व चार मुलगे यांसह बंगाल्यांत आले. दुसऱ्याच वर्षीं पांच वर्षांचा पीटर आजारानें दगावला. त्यानंतर मातेचें चित्त कायमचें भ्रमलें. उलटपक्षीं, वडील मुलगा फेलिक्स बंगाली बोलत वाढला आणि १८०७ सालीं स्वतः मिशनरी होऊन ब्रह्मदेशीं गेला.

दोन्ही बाजू पाहतां आमचें मत असें कीं, मुलांस न्यावें. आईबापांवेगळें वाढणें हाही एक पोरकेपणाच होय. परंतु पाचारण होतें तें बापास, लेंकरास नव्हे. डॉरोथीबाई आरंभीं जाण्यास नाखूष होत्या, हेंही विसरूं नये. म्हणून आधीं मातेची मनापासून संमति, मग घर, औषधपाणी व शाळा यांची सोय, आणि त्यानंतरच प्रयाण, हा क्रम असावा. परक्यांच्या मुलांचा कळवळा बाळगणाऱ्यानें स्वतःच्या मुलांची हेळसांड केली, तर त्याचा उपदेश कोणास पटेल?