नूडल्सच्या वाडग्याची डावी बाजू

थायलंडमधल्या कुठल्याही साध्या नूडल्सच्या दुकानात टेबलावर चार छोट्या बरण्यांचा एक स्टँड ठेवलेला असतो. एकीत साखर, दुसरीत सुक्या लाल मिरचीची भरड, तिसरीत व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या मिरच्यांच्या चकत्या आणि चौथीत फिश सॉस, म्हणजे मिठात महिनोन्‌महिने मुरवलेल्या मासळीचे गाळून घेतलेले खारे पाणी. या चौकडीला थाई लोक ‘ख्रुआंग फुआंग’ म्हणतात. नूडल्सचा वाडगा समोर आला की आधी रश्श्याचा एक चमचा चाखायचा आणि मग बरण्यांकडे हात न्यायचा, अशी तिथली रीत. नवख्या पर्यटकाला हा स्टँड आपल्याकडच्या हॉटेलातल्या मीठ-मिरपुडीच्या डब्यांसारखा वाटतो, असला तरी चालेल आणि नसला तरी चालेल असा. माझे म्हणणे असे की त्या जेवणातले सर्वांत थाई तेच आहे. मराठी माणसाला हे पटायला जड जाऊ नये, कारण ताटाची डावी बाजू आपण पिढ्यान्‌पिढ्या मांडत आलो आहोत. मीठ, लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर या मंडळींना कोणी मुख्य पदार्थ म्हणत नाही, पण त्यांच्याविना वरणभाताचा घास प्रत्येकाच्या जिभेला वेगवेगळा कसा लागणार?

नोव्हेंबर 2023 मध्ये थायलंडने भारतीय पर्यटकांसाठी व्हिसाची अट सैल केली, तेव्हापासून ‘अस्सल थाई कुठे मिळेल’ हा प्रश्न आपल्याकडे जास्तच कानावर येतो. या प्रश्नाचे उत्तर वाडग्यात शोधायला जावे तर पंचाईत होते. नूडल्सना थाई भाषेत ‘क्वेतिओ’ म्हणतात आणि हा शब्द मुळात दक्षिण चीनमधून आलेल्या तेओच्यू लोकांचा. मिरची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर आशियात पसरलेली. त्यांनी 1510 मध्ये गोवा घेतला, 1511 मध्ये मलाक्का, आणि लगोलग त्यांचा वकील सयामची तेव्हाची राजधानी अयुथ्थया इथल्या दरबारी हजर झाला. म्हणजे आपल्या तांबड्या रश्श्यातली मिरची आणि बँकॉकच्या बरणीतली मिरची नात्याने चुलत बहिणीच. ‘पद थाई’ची गोष्ट तर आणखी गमतीची. पंतप्रधान फिबून सोंगख्राम यांच्या राजवटीत, 1939 साली, सयामचे नाव बदलून थायलंड झाले. त्याच राष्ट्रवादी मोहिमांच्या काळात सरकारने लोकांना नूडल्स खाण्याचा आग्रह धरला आणि परतलेल्या चिनी नूडल्सच्या नावाला ‘थाई’ हे शेपूट लागले. ज्या पदार्थाला आपले राष्ट्रीयत्व नावातच सांगावे लागते, त्याच्या अस्सलपणाचा फार अभिमान धरण्यात अर्थ नाही.

मग थाई काय आहे? खाणाऱ्याला दिलेला निर्णयाचा अधिकार. तो बरण्यांच्याही आधी सुरू होतो. तांदळाच्या रुंद पट्ट्या हव्यात की बारीक, शेवयांसारख्या तारा की अंड्याच्या पिवळ्या नूडल्स, रश्श्यासह की कोरड्या, हे गिऱ्हाईकच सांगते. दुकानदार जाळीच्या टोपल्यात नूडल्स घालून उकळत्या पाण्यात क्षणभर बुचकळतो, वरून हाडांचा रस्सा ओततो आणि वाडगा पुढे सरकवतो. या व्यवस्थेत शिष्टाचार थोडा, हिशेब जास्त आहे. एक पातेले, एक आचारी, चार-सहा टेबले. घामाघूम होऊन आलेला मोटरसायकल-टॅक्सीवाला, कचेरीतली कारकून बाई आणि शाळेचे पोर या तिघांना एकाच पातेल्यातून जेवू घालायचे, तर तिखट किती नि आंबट किती हे प्रत्येकाला विचारत बसणे परवडत नाही. चवीचे शेवटचे काम गिऱ्हाइकाच्या हाती सोपवले की रांग पुढे सरकते आणि वाडगा स्वस्त राहतो. मिसळवाल्याने हेच गणित आपल्या पद्धतीने सोडवले आहे. उसळ सगळ्यांना एकच, पण तर्री किती, सॅम्पल किती वेळा, लिंबू पिळायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

यावर खवय्यांचा आक्षेप ठरलेला आहे: चव जमवणे हे आचाऱ्याचे कसब, ते गिऱ्हाइकाच्या चमच्यावर कशाला सोडायचे? आक्षेप वजनदार आहे, पण तो कसब कुठे असते याविषयी गल्लत करतो. हाडे तासन्‌तास मंद आचेवर ठेवून काढलेला अर्क, कोथिंबिरीची मुळे, लसूण आणि मिरी यांचे वाटण, मांसाच्या गोळ्यांचा पोत यांतले काहीही बरणीतून भरून काढता येत नाही. फिका रस्सा चार चमचे साखर-मिरचीने सुधारत नाही, फक्त गोड-तिखट फिका होतो. आचारी पाया घालतो आणि वरचा मजला मोकळा ठेवतो. उलट चित्र परदेशी थाई रेस्तराँत दिसते. थाई सरकारने 2002 पासून जगभर थाई रेस्तराँ वाढवण्याची मोहीम चालवली, तिला यश आले, पण परदेशात वेटर बहुधा ‘तिखट किती’ एवढेच विचारतो आणि बरण्यांचा स्टँड क्वचितच दिसतो. चार चवींचा प्रश्न असा एका चवीवर आला, आणि तोही स्वयंपाकघरात सुटू लागला. पाककृती बरोबर पोचली, रीत वाटेत राहिली.

आरोग्याचा आक्षेप मात्र मी अर्धा मान्य करतो. नूडल्सच्या रश्श्यावर चमचाभर साखर आणि फिश सॉसची धार हे वैद्यांना आवडणारे दृश्य नाही. साखरेची काळजी खुद्द थायलंडलाही आहे, गोड पेयांवर तिथे 2017 मध्ये कर बसला. रस्सा मुळातच खारट असतो हेही खरे. तरी बाटलीबंद पेयातली साखर डोळ्यांना दिसत नाही, बरणीतली चमच्याने मोजून पडते. जी साखर आपण स्वतः घालतो ती कमी करणेही आपल्याच हाती असते.

राहिला शाकाहारी वाचक, जो फिश सॉसचे नाव वाचूनच पान उलटणार असेल. त्याने थायलंडमधल्या ‘जे’ आहाराची चौकशी जरूर करावी. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातल्या व्रताच्या नऊ दिवसांत दुकानांवर पिवळे झेंडे लागतात आणि पातेल्यातून मांस-मासळीच नव्हे, कांदा-लसूणही हद्दपार होतो. आपल्या चातुर्मासाशी हे साम्य थक्क करणारे आहे. आणि फिश सॉसची जागा त्या दिवसांत सोया सॉस घेतो. साखर, भरड आणि व्हिनेगरातल्या मिरच्यांना व्रताची आडकाठी नसते.